निर्विकार चेहऱ्यासमोरचे बाळ

आपल्याकडे कोणी खरोखर पाहत आहे की नुसतेच डोळे लावून बसले आहे, यातला फरक बोलता न येणाऱ्या तान्ह्या मुलालाही कळतो, हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी 1970 च्या दशकात एका साध्या प्रयोगाने दाखवून दिले. या प्रयोगात आई प्रथम बाळाशी नेहमीप्रमाणे खेळते, मग क्षणभर मान फिरवते आणि पुन्हा वळते ती निर्विकार मुद्रेने. म्हणजे तिची नजर बाळावरच असते, पण त्याच्या हसण्याला, हुंकाराला वा हातवाऱ्यांना ती कोणताच प्रतिसाद देत नाही. बाळ आधी हसून पाहते, हात पुढे करते, अंग झोकून देते, आवाज चढवते आणि एवढे करूनही आईचा चेहरा हलत नाही असे दिसले की नजर चुकवून मलूल होते, काही वेळा रडू लागते. अवघ्या काही मिनिटांचा हा प्रकार, पण बघणाऱ्यालाही तो सोसवत नाही.

ट्रॉनिक यांच्या पुढील संशोधनातला निष्कर्ष मात्र दिलासा देणारा आहे, आणि तो प्रयोगाइतका प्रसिद्ध झाला नाही हे खेदाचेच. निरोगी नात्यातही आई-बाळाचे सूर बराच वेळ जुळलेले नसतात; ते चुकतात, पुन्हा जुळवले जातात, आणि तुटलेला संवाद असा सांधला जाण्याला, म्हणजेच ‘दुरुस्ती’ला, त्यांनी भावनिक वाढीत मोठे स्थान दिले. ही दुरुस्ती तत्काळ होतेच असे नाही: प्रयोगाच्या अखेरीस आई पुन्हा हसू-बोलू लागली, तरी पुष्कळ बाळे आनंदतात आणि त्याच वेळी काही काळ कुरकुरतही राहतात.