‘राख आणि हिरे’ : मृतांना दिलेला शब्द

आज आंद्रेय वायदाच्या ‘अ‍ॅशेस अँड डायमंड्स’ (१९५८) या पोलिश चित्रपटातून निष्ठेचा प्रश्न पाहू.

कथा घडते ८ मे १९४५ला आणि त्या रात्रीत. जर्मनी शरण आलाय. पण पोलंडमध्ये आता सत्ता कोणाची, यावर पोलिश माणसंच एकमेकांवर बंदुका रोखून उभी आहेत. मात्सेक हा जर्मनांशी लढलेल्या भूमिगत ‘होम आर्मी’चा तरुण. त्याला हुकूम आहे, श्चुका या कम्युनिस्ट नेत्याला ठार करायचं. पहिल्या प्रयत्नात चुकून दोन निरपराध कामगार मरतात. मग हॉटेलच्या बारमध्ये क्रिस्टिना भेटते, आणि मात्सेकला वाटू लागतं, आपल्याला साधं जगायचंय.

‘प्रेम की कर्तव्य’ एवढाच हा पेच आहे का? आता बघा, बारवर तो व्होडकाचे ग्लास पेटवतो, एकेका मेलेल्या सोबत्याच्या नावानं. म्हणजे त्याची निष्ठा तत्त्वापेक्षा मृतांशी जास्त आहे. जिवंत माणसाकडून दिलेला शब्द परत मागता येतो. मृतांकडून कसा मागणार?

श्चुकाचा मुलगाही भूमिगतांमध्येच, नुकताच पकडला गेलेला. त्याच्याकडे निघालेल्या या बापावर मात्सेक गोळ्या झाडतो. श्चुका कोसळतो तो मात्सेकच्याच मिठीत, आणि आकाशात विजयाची आतषबाजी उडते. सकाळी मात्सेकही कचऱ्याच्या ढिगावर मरतो.

निष्ठा हा सद्गुण खराच. पण ज्या कारणासाठी शब्द दिला ते कारण अजून उरलंय का, हे जिवंतांनाच विचारावं लागतं.