जुन्या लेन्सचा मोह

उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य २०१२ साली घोषित झाले. तेथील ख्यातनाम ‘जय’ वाघ २०१६ मध्ये दिसेनासा झाला. परंतु वन्यजीव छायाचित्रणाचा छंद काही ओसरला नाही. या छंदाला एक व्याधी जडते : स्वस्तात मिळते म्हणून जुनी टेलिफोटो लेन्स तडकाफडकी घेण्याची. मोहाच्या त्या घडीला, दमट हवेत आत वाढलेली बुरशी नजरेस पडत नाही. ती काचेवरील लेप कायमचा खराब करू शकते. पगारावर जगणाऱ्याने विजेरीच्या उजेडात लेन्स पारखावी, कॅमेऱ्याचे शटर किती वेळा उघडले ते विचारावे आणि आठ दिवस थांबावे. वाघासाठी तासन्‌तास तिष्ठणाऱ्याला एवढा धीर जड का व्हावा?