अर्ध्या मताचं गणित

निवडणुकीत एखादा उमेदवार अर्ध्या मतानं पडू शकतो का? पुढं महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झालेले विलासराव देशमुख १९९६ साली विधान परिषदेच्या निवडणुकीत तसे पडले. मतपत्रिका तर कुणी फाडून टाकत नाही, मग हे अर्धं मत आलं कुठून?

विलासरावांचं गाव बाभळगाव. लातूर तालुक्यातलं हे गाव तेव्हा उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात होतं. पुण्यात कायदा शिकलेला हा शेतकऱ्याच्या घरातला मुलगा गावी परतला आणि १९७४ मध्ये सरपंच झाला. त्याच वर्षी उस्मानाबाद जिल्हा परिषदेत पोचला. १९८० मध्ये आमदार झाला. १९८२ साली लातूर जिल्हा वेगळा निघाला, आणि त्याच वर्षी विलासराव मंत्री झाले. पुढं बरीच वर्षं एकेक खातं सांभाळलं. १९९५ मध्ये मात्र लातूरकरांनी त्यांना सुमारे ३५ हजार मतांनी पाडलं. पुढच्या वर्षी काँग्रेस पक्षानं विधान परिषदेची उमेदवारी दिली नाही, तेव्हा ते अपक्ष उभे राहिले. आणि तिथं ते अर्धं मत आडवं आलं.

गंमत अशी, की या निवडणुकीत आमदार एकालाच मत देऊन थांबत नाही. तो १, २, ३ असे पसंतीचे आकडे लिहितो. मोजणीत प्रत्येक मतपत्रिकेला १०० गुण धरतात. समजा २८८ आमदारांनी मतदान केलं आणि जागा ९ आहेत. एकूण गुण झाले २८,८००. जागांपेक्षा एक जास्त, म्हणजे १० नं भागायचं आणि १ मिळवायचा. कोटा आला २,८८१. एवढे गुण मिळवणारा निवडून आला.

आता एखाद्याला पहिल्या पसंतीची ३० मतं पडली, तर त्याच्याकडं ३,००० गुण, म्हणजे गरजेपेक्षा ११९ जास्त. हे जास्तीचे गुण वाया जात नाहीत. तीसही मतपत्रिकांवर दुसरी पसंती लिहिलेली असेल, तर ११९ भागिले ३० करून प्रत्येकीला ३ गुण देतात (अपूर्णांक सोडून) आणि ते दुसऱ्या पसंतीच्या उमेदवाराकडं जातात. एकाच कागदावरचं मत असं दोघांच्या कामी येतं! ज्याला सर्वांत कमी गुण, तो बाद. त्याच्या मतपत्रिकाही पुढच्या पसंतीकडं सरकतात. शेवटच्या जागेसाठी दोघंच उरले आणि एकाकडं २,७५०, दुसऱ्याकडं २,७०० गुण असले, तर कोटा न गाठताही पहिला जिंकतो आणि फरक ५० गुणांचा. शंभराचं एक मत, म्हणून पन्नासाचं अर्धं.

ही पद्धत १८५०च्या दशकात डेन्मार्कमध्ये कार्ल आंद्रे आणि इंग्लंडमध्ये थॉमस हेअर यांनी स्वतंत्रपणे मांडली. आज राज्यसभाही याच रीतीनं निवडली जाते.

विलासरावांनी पुढं १९९९ मध्ये लातूरमधून सुमारे ९१ हजारांच्या मताधिक्यानं विधानसभा जिंकली आणि १८ ऑक्टोबरला ते मुख्यमंत्री झाले. थेट जनतेतून निवडून येताना असला हिशेब लागत नाही. तिथं मत पूर्ण असतं आणि एकालाच पडतं. विधान परिषदेला मात्र आमदारांना हॉटेलात एकत्र ठेवून पहिली पसंती कुणाला आणि दुसरी कुणाला, याची उजळणी करून घेतात. एका आमदारानं दुसऱ्या पसंतीचा आकडा चुकीच्या नावासमोर लिहिला, तरी शेवटची जागा हातची जाऊ शकते.