पडद्यावरच्या दोन ओळी

  नाशिकच्या एका वाचक बाईंचं पत्र आलं आहे. मानसिक आजाराच्या संकटात पोलिसांना केलेल्या फोनबद्दल त्या विचारतात, "फोन घेणाऱ्याला एवढं शिकवलं, त्यानं धीरानं सगळं ऐकून घेतलं, तरी दारात उभा राहणारा पोलीस वेगळाच असतो. त्याच्यापर्यंत यातलं काय पोचतं?" बाईंनी नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं आहे. माझा तर हा जिव्हाळ्याचा विषय.

अमेरिकेतल्या मोठ्या शहरांत ९११ या आपत्कालीन क्रमांकावरचा फोन घेणारा एक असतो आणि वायरलेसवर गाडीशी बोलणारा डिस्पॅचर दुसरा. पहिला ऐकता ऐकता टाइप करतो, दुसरा पडद्यावरचं वाचून पुढे सांगतो. फोन करणाऱ्याचा कापरा आवाज, त्याचं चाचरणं, 'मला नीट दिसलं नाही हं' हे सारं पहिल्याच्या हेडफोनपाशी थांबतं. दुसऱ्यासमोर उरतो घटनेच्या प्रकाराचा एक कोड आणि दोन त्रोटक ओळी. जे लिहिलं गेलं नाही, ते पोलिसांच्या लेखी घडलेलंच नसतं.

नॉर्थ मायामी, जुलै २०१६. ऑटिझम असलेला एक तरुण निवासी केंद्रातून निघून भर रस्त्यात जाऊन बसला. हातात खेळण्यातला चकचकीत ट्रक. कुणीतरी ९११ ला कळवलं, की एक माणूस डोक्याला बंदूक लावून बसल्यासारखा दिसतोय. त्याच फोनवर हेही सांगितलं, की ती बंदूकच आहे का ते ठाऊक नाही, तशा आकाराचं काहीतरी आहे. पोलीस आले ते रायफली रोखूनच. त्या तरुणाला परत न्यायला आलेले चार्ल्स किन्सी दोन्ही हात वर करून रस्त्यावर उताणे पडले होते आणि ओरडून सांगत होते, की याच्या हातात खेळणं आहे. गोळी किन्सींच्याच पायात घुसली.

आधी कानावर पडलेला शब्द डोळ्यांना कसा फसवतो, हे पॉल टेलर या अभ्यासकानं ३०६ पोलिसांना सिम्युलेटरपुढे उभं करून तपासलं. पडद्यावरचा माणूस शेवटी खिशातून मोबाइलच काढत होता. 'तो फोनवर बोलताना दिसतोय' असं वायरलेसवर आधी सांगितलेल्यांपैकी ६ टक्के पोलिसांनी चुकून गोळी झाडली. 'हातात बंदूक दिसतेय' असं सांगितलेल्यांत हे प्रमाण ६२ टक्के निघालं. वायरलेसवरचं एक वाक्य बदललं, एवढाच काय तो फरक. हा अभ्यास वाचल्यापासून माझं ठाम मत झालं आहे, की फोनवर कसं बोलायचं हे शिकवण्याइतकाच वेळ काय टाइप करायचं हे शिकवण्यावर घालवायला हवा. मानसिक संकटाचे प्रसंग हाताळायला पोलिसांना शिकवणाऱ्या मेम्फिस मॉडेलच्या आखणीत डिस्पॅचरचं प्रशिक्षण धरलेलं आहे ते उगाच नाही.

आता टाइप करायचं म्हणजे काय? समजा, एका आईचा फोन आला. घाईत लिहिलं जातं, 'मनोरुग्ण, हिंसक, सुरी.' यातला एकही शब्द खोटा नसेल, पण या तीन शब्दांवर गाडी कशी धावेल ते सांगायला नको. तोच फोन असाही लिहिता येतो: 'आई सांगते, मुलगा २४ वर्षांचा, दोन रात्री झोपला नाही, मरायचं म्हणतो. सुरी ओट्यावर, हातात नाही, आईनं आत्ताच पाहिली. आई अंगणात, घरात तो एकटाच. सायरन ऐकला की बिथरतो. मोठ्या बहिणीचं ऐकतो, ती वाटेत आहे.' टाइप करायला वीसेक सेकंद जास्त लागतील, पण पोलीस गल्लीच्या तोंडाशीच सायरन बंद करतील आणि बहिणीची वाट पाहतील. 'मनोरुग्ण' हा शेरा झाला, 'दोन रात्री झोपला नाही' ही माहिती झाली. कुणी पाहिलं, केव्हा पाहिलं आणि कुणाला नुसतं वाटलं, हे वेगवेगळं लिहायची सवय सरावानंच लागते. खातरी नसेल तर खातरी नाही, असंही लिहावं लागतं. घाईत नेमकं तेच गळतं.

आपल्याकडे महाराष्ट्रात ११२ या आपत्कालीन क्रमांकावरचा फोन नवी मुंबईच्या किंवा नागपूरच्या केंद्रात घेतला जातो, तिथून जिल्ह्याच्या कंट्रोल रूमकडे जातो आणि मग गाडीतल्या पडद्यावर. म्हणजे मधे आणखी एक हात आला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं मानसिक आजारामुळे धोक्यात असलेल्या माणसाला संरक्षणात घेतल्यावर पोलीस कोठडीत ठेवायला मनाई केली आहे, २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात न्यायला सांगितलं आहे. पण गाडीतल्या हवालदाराला आपण कशासाठी निघालोय हेच कळलं नसेल, तर तो हे कलम आठवणार कधी?

म्हणून नाशिकच्या बाईंना आणि घरात असं दुखणं असलेल्या सगळ्यांनाच माझं सांगणं आहे. उद्या वेळ आलीच तर पत्त्यापाठोपाठ हे सांगा: हत्यार आहे का, ते आत्ता कुठे आहे, घरात आणखी कोण आहे, आजारी माणूस कशानं बिथरतो आणि त्याला कोणत्या नावानं हाक मारली की तो ओ देतो. मग फोन घेणाऱ्याला म्हणा, "काय लिहिलंत ते वाचून दाखवा."