नकाराचं पत्र आलं, आता पुढे?

झाशीच्या जुन्या तटबंदीला दहा दरवाजे. त्यांतला एक लक्ष्मी दरवाजा. गावातले लोक त्याला लक्ष्मी गेटच म्हणतात. या दरवाजातून बाहेर पडलं की लक्ष्मीताल लागतो, महालक्ष्मीचं मंदिर लागतं आणि जवळच गंगाधरराव नेवाळकरांची छत्री दिसते. नवऱ्याच्या स्मरणार्थ ही छत्री बांधून घेतली राणी लक्ष्मीबाईंनी. तलवार उपसलेली, घोड्यावर स्वार झालेली राणी आपल्या सर्वांच्या ओळखीची आहे. पण तलवार उपसण्याआधी या बाईंनी तीन-चार वर्षं दुसरीच लढाई लढली होती. ती होती कागदावरची. अर्ज, खलिते, दाखले, वकील, अपील! आणि गंमत म्हणजे त्या लढाईतला त्यांचा वकील होता चक्क एक ऑस्ट्रेलियन.

आज महाराष्ट्रातली कितीतरी मुलं-मुली ऑस्ट्रेलियात नोकरीच्या व्हिसासाठी अर्ज करतात. काहींच्या हाती नकाराचं पत्र पडतं. घरात सुतकी शांतता पसरते. अशा वेळी झाशीची ही कागदी लढाई आठवण्यासारखी आहे. कारण नकारावर दाद मागताना कुठे पाय घसरतो आणि कुठे वाट सापडते, हे दोन्ही तिच्यात आहे.

खलित्यांची लढाई

२० नोव्हेंबर १८५३. गंगाधरराव मरणशय्येवर होते. त्यांनी नात्यातल्या पाच वर्षांच्या आनंदरावाला दत्तक घेतलं आणि त्याचं नाव दामोदरराव ठेवलं. पुढे वाद नको म्हणून मेजर एलिस आणि कॅप्टन मार्टिन या इंग्रज अधिकाऱ्यांना बोलावून त्यांच्या हाती तसं पत्रही दिलं. दुसऱ्याच दिवशी महाराज गेले.

राणींनी गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांच्याकडे डिसेंबरमध्ये एक आणि फेब्रुवारी १८५४ मध्ये दुसरा खलिता पाठवला. त्यात नुसती विनवणी नव्हती, मुद्दे होते. १८१७ च्या तहात कंपनीने झाशीचं राज्य वंशपरंपरेने मान्य केलं आहे. शेजारच्या दतिया आणि ओरछा संस्थानांतली दत्तकविधानं कंपनीने मंजूर केली आहेत. मग झाशीलाच वेगळा न्याय का?

डलहौसींनी फेब्रुवारीच्या अखेरीस निर्णय लिहिला : नामंजूर. त्यांचं म्हणणं असं की, दतिया-ओरछा ही मूळची स्वतंत्र राज्यं, झाशी मात्र पेशव्यांच्या अंमलाखालची, म्हणून मांडलिक. शिवाय १८३५ मध्ये रामचंद्ररावांच्या पश्चात त्यांच्या दत्तकाचा हक्क कंपनीने मानला नव्हता, तो दाखलाही त्यांनी पुढे केला. दत्तक मुलाला खासगी मालमत्ता मिळेल, राज्य मिळणार नाही. मार्चमध्ये हा हुकूम झाशीत वाचून दाखवला गेला. त्यावर राणी काय म्हणाल्या, ते शाळकरी मुलांनाही पाठ आहे.

पॅरामाटाचा बॅरिस्टर

राणी नुसत्या संतापून बसल्या नाहीत. त्यांनी जॉन लँग या बॅरिस्टरला बोलावणं धाडलं. लँगचा जन्म १८१६ चा, सिडनीजवळच्या पॅरामाटाचा. कायद्याचं शिक्षण घेऊन तो १८४२ मध्ये हिंदुस्थानात आला. इथे त्याने वकिली केली, वर्तमानपत्र चालवलं, कादंबऱ्या लिहिल्या. आग्र्याच्या लाला जोतीप्रसादांच्या खटल्यात त्याने कंपनी सरकारला पाणी पाजलं होतं. राणींना असाच माणूस हवा होता.

आग्र्याहून प्रवास करून लँग झाशीला पोहोचला. भेट पडद्याआडून झाली. छोट्या दामोदररावाने मध्येच पडदा बाजूला सारला आणि क्षणभर राणी दिसल्या, ही आठवण लँगने पुढे १८५९ मध्ये छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात सांगितली आहे. त्याने सल्ला दिला तो अगदी वकिली : वरपर्यंत दाद मागा आणि तोवर कंपनीने देऊ केलेलं पेन्शन हक्क राखून, निषेध नोंदवून घ्या. राणींना तेव्हा ते पटलं नाही. एप्रिल १८५४ मध्ये सविस्तर अर्ज गेला. लंडनमध्ये बसलेल्या कंपनीच्या संचालकांनीही तो फेटाळला.

मुद्दे खोटे होते का? मुळीच नाही. पण नकार देणारी कंपनी, दाद ऐकणारीही कंपनीच! ज्याने ‘नाही’ म्हटलं त्याच्याच थोरल्या भावाकडे तक्रार नेल्यासारखा प्रकार. प्रकरण नव्याने, तटस्थपणे तपासणारं तिसरं कुणी नव्हतंच. दामोदररावांचं आयुष्य पुढे इंदूरला तुटपुंज्या पेन्शनवर गेलं. १९०६ मध्ये त्यांचं निधन झालं, झाशी त्यांना परत मिळाली नाही.

या प्रकरणाची आठवण दोन्ही देशांनी ठेवली आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी ऑस्ट्रेलियाला गेले, तेव्हा त्यांनी तिथले पंतप्रधान टोनी अ‍ॅबट यांना भेट दिली ती लँगने राणींसाठी केलेल्या याच अर्जाच्या कागदपत्रांची.

आता उलटी वाट

लँग तिकडून इकडे आला. आता वाट उलटी झाली आहे. ज्या पॅरामाटात तो जन्मला, तिथे आज भारतीय किराणा आणि डोशाची हॉटेलं आहेत. मात्र सिडनी, मेलबर्न आणि ब्रिस्बेन ही तीन महानगरं सोडून बाकीचा देश वसावा, अशी तिथल्या सरकारची इच्छा. म्हणून १६ नोव्हेंबर २०१९ पासून ‘४९४’ क्रमांकाचा व्हिसा सुरू झाला. मालकाने पुरस्कृत केलेला, प्रादेशिक भागातल्या नोकरीसाठीचा हा व्हिसा पाच वर्षांचा असतो. पर्थ, अ‍ॅडलेड, डार्विन, होबार्ट, कॅनबेरा ही शहरंही यात ‘प्रादेशिक’ धरली जातात. तीन वर्षं या व्हिसावर राहून अटी पाळल्या की कायम वास्तव्याच्या ‘१९१’ व्हिसासाठी अर्ज करता येतो. म्हणजे डाव नुसत्या नोकरीचा नसतो. बायको-मुलांसकट अख्ख्या संसाराचा असतो.

समजा, नाशिकचा एक शेफ तिकडेच तात्पुरत्या व्हिसावर काम करतो आहे. छोट्या गावातला हॉटेलमालक त्याला पुरस्कृत करायला तयार होतो. बायको आणि पाच वर्षांची मुलगी बरोबर. आई-वडिलांनी मुदतठेव मोडून पैसे पाठवलेले. आणि एके सकाळी ईमेल येतो : नामंजूर!

आधी पाहा, नक्की नाकारलं काय?

झाशीच्या प्रकरणात दोन गोष्टी वेगळ्या होत्या, दत्तक पुत्राची खासगी मालमत्ता आणि राज्य. तसंच या व्हिसाचं आहे. यात तीन पायऱ्या असतात. पहिली, मालकाला ‘पुरस्कर्ता’ म्हणून मान्यता. दुसरी, त्या विशिष्ट जागेचं ‘नॉमिनेशन’. तिसरी, कामगाराचा व्हिसा. नकाराचं पत्र नेमकं कुठल्या पायरीचं आहे, हे सर्वांत आधी बघायचं.

नॉमिनेशन मालकाचं असतं. जागा खरीखुरी आहे का, पूर्णवेळ आणि किमान पाच वर्षं टिकणारी आहे का, पगार बाजारभावाला धरून आहे का, प्रादेशिक प्रमाणन संस्थेचा अभिप्राय घेतला आहे का, हे तिथे तपासतात. ते नाकारलं गेलं तर दाद मालकाने मागायची; कामगाराला तो हक्क नाही. अन् नॉमिनेशन पडलं की त्यावर उभा असलेला व्हिसाही पडतो. इथेच पुष्कळांची फसगत होते. कामगार बिचारा स्वतःच्या व्हिसाचं अपील करून, भरमसाट फी भरून बसतो. मालकाने मात्र नॉमिनेशनचा निर्णय तसाच सोडून दिलेला असतो. मग अपिलाला अर्थ काय उरला?

‘दुसरा मालक शोधू, नवं नॉमिनेशन जोडू,’ असाही सल्ला कुणी देतो. ४९४ च्या आधीच्या ‘१८७’ या प्रादेशिक व्हिसाबाबत २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या फेडरल कोर्टाच्या पूर्णपीठाने स्पष्ट केलं की, अर्जात ज्या नॉमिनेशनचा उल्लेख आहे तेच मंजूर व्हावं लागतं. मागाहून आणलेलं दुसरं चालत नाही. तेव्हा नवा मालक मिळाला तर जुन्या अपिलाला ठिगळ लावण्यापेक्षा नवा अर्ज करता येतो का, हे विचारावं. तिथे राहून एकदा नकार मिळालेल्यांना देशातच पुन्हा अर्ज करण्यावर एरवी बंदी असते. पण १३ नोव्हेंबर २०२१ पासून ४९४ व्हिसाला त्यातून सूट मिळाली आहे.

अठ्ठावीस दिवस, एकही जास्त नाही

राणींना जे मिळालं नाही, ते आज नाशिकच्या शेफला मिळतं : तिसरा माणूस. व्हिसा खात्याच्या निर्णयाचा फेरविचार करणारं स्वतंत्र न्यायाधिकरण तिथे आहे. १४ ऑक्टोबर २०२४ पासून त्याचं नाव ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रायब्युनल’. त्याआधी हे काम ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह अपील्स ट्रायब्युनल’कडे होतं. खात्याने चूक केली का, एवढंच हे न्यायाधिकरण बघत नाही. ते अख्खं प्रकरण नव्याने तपासतं. आधी न दिलेले कागदही देता येतात.

पण मुदत? निर्णय कळवल्यापासून अठ्ठावीस दिवस. ताप आला, सण होता, एजंट गावाला गेला होता, यांतलं कोणतंही कारण चालत नाही. मुदत वाढवून देण्याचा अधिकार न्यायाधिकरणालाही नाही. ईमेल ३ मार्चला पाठवला असेल, तर तो त्याच दिवशी मिळाला असं धरतात. शेवटचा दिवस ३१ मार्च. मार्चअखेर सिडनीत रात्रीचे बारा वाजतात, तेव्हा नाशिकला संध्याकाळचे साडेसहाच वाजलेले असतात, हेही ध्यानात ठेवायला हवं!

आणखी एक खाचखळगा. पत्रव्यवहारासाठी एजंटचं नाव दिलेलं असेल, तर पत्र एजंटला मिळालं म्हणजे अर्जदाराला मिळालं. त्याने आठ दिवस ते उघडलंच नाही, तरी घड्याळ चालूच राहतं. म्हणून अर्ज केल्यापासून एजंटकडे नियमित चौकशी करावी.

अर्जदार ऑस्ट्रेलियाबाहेर असेल, तर व्हिसाच्या नकारावर दाद मागण्याचा हक्कही पुरस्कर्त्या मालकाकडेच असतो. कोणाला हक्क आहे आणि मुदत किती, हे नकाराच्या पत्रातच लिहिलेलं असतं. पहिलं वाक्य वाचून रडू येतं आणि पुढची पानं वाचायची राहून जातात. ती आधी वाचावीत.

फी भारी, पण…

व्हिसाच्या नकारावरील अपिलाची फी सुमारे साडेतीन हजार ऑस्ट्रेलियन डॉलर आहे. मध्यमवर्गीय घराला ही रक्कम जड जाते. निकाल बाजूने लागला तर निम्मी परत मिळते आणि आर्थिक हलाखी सिद्ध केली तर मुळातच निम्मी भरावी लागते. व्हिसाचा अर्ज तिथे राहूनच केला असेल, तर निकाल लागेपर्यंत ‘ब्रिजिंग’ व्हिसावर राहता येतं. काम करता येईल की नाही, ते त्या व्हिसाच्या अटींत पाहावं. निकालाला मात्र कित्येक महिने, प्रसंगी वर्षाहून अधिक काळ लागतो. मुलीची शाळा, घराचं भाडं, गावाकडचे हप्ते, सगळं त्या टांगत्या अवस्थेत निभावायचं असतं.

म्हणून फी भरण्याआधी एकच प्रश्न विचारावा : नकाराचं कारण कागदाने दूर होण्यासारखं आहे का? अनुभवाची तीन वर्षं मोजताना खात्याने एखादं प्रमाणपत्र ग्राह्य धरलं नसेल, तर जुन्या मालकाची सविस्तर पत्रं, पगारपत्रकं, बँकेचे उतारे आणि प्राप्तिकराचे कागद देऊन प्रकरण उभं राहू शकतं. पण अर्जाच्या दिवशी जी अट पूर्ण असायलाच हवी होती, ती त्या दिवशी अपुरी असेल, तर न्यायाधिकरणही हतबल असतं. आणि खोटा अनुभवदाखला जोडला गेला असेल, तर पुढच्या अर्जांनाही त्याचा डाग लागतो.

वकील कसा निवडावा?

राणींनी वकील निवडला तो आधीचं काम पाहून. आज तर पडताळणी सोपी आहे. ऑस्ट्रेलियात पैसे घेऊन व्हिसाचा सल्ला देणारा माणूस एकतर तिथला परवानाधारक वकील असावा लागतो, नाहीतर नोंदणीकृत मायग्रेशन एजंट. एजंटला सात आकडी नोंदणी क्रमांक असतो आणि तो सरकारी यादीत तपासता येतो. ‘आपल्या ओळखी आहेत, काम होऊन जाईल,’ म्हणणाऱ्या गल्लीतल्या कन्सल्टंटकडे हा क्रमांक मागून बघावा. बरेचदा तिथेच बोलणं संपतं!

न्यायाधिकरणातही हरलं तर ३५ दिवसांत कोर्टात जाता येतं. तिथे मात्र कायद्याची चूक दाखवावी लागते; ‘माझ्यावर अन्याय झाला’ एवढं पुरत नाही. खर्चही वाढतो. काही घरांना त्या टप्प्यावर थांबून दुसऱ्या वाटेचा विचार करणंच परवडतं आणि त्यात कमीपणा काही नाही.

लँगची कबर मसुरीला आहे. १८६४ मध्ये तो तिथेच वारला. झाशीचा खटला तो हरला, पण त्याचा सल्ला आजही उपयोगी पडतो : हक्क सोडू नका आणि निकाल लागेपर्यंत चुलीचीही सोय बघा. नाशिकच्या त्या शेफने नकार आलेल्या दिवशी रडावं, घरी फोन करावा. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र कॅलेंडर काढून अठ्ठाविसाव्या दिवसावर लाल पेनाने खूण करावी, मालकाला भेटावं आणि नकाराचं पत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचावं.