अकराव्या स्वराचा पेच

बाखच्या काळातल्या ट्रम्पेटला कळा नव्हत्या. होती फक्त सुमारे दोन मीटर लांबीची वळवलेली पितळी नळी. कळा आल्या १८१५च्या आसपास. त्याआधी ओठांचा ताण बदलून मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे स्वर काढायचे. तंबोऱ्यातला स्वयंभू गंधार असाच, पाचपट कंपनांचा. आठव्यापासून पुढे हे स्वर एकमेकांच्या जवळ येतात, म्हणून सलग सुरावट उंच सप्तकातच साधते. दुसऱ्या ब्रँडनबर्ग कंचेर्तोत बाख थेट अठराव्या स्वरापर्यंत चढतो! अकरावा मात्र शुद्ध आणि तीव्र मध्यमाच्या मधोमध पडतो. वादक तो ओठांनीच खाली-वर ओढतो. आज अनेकजण नळीला छिद्रं ठेवतात, ती विसाव्या शतकातली सोय. चुका टळतात खऱ्या, पण छिद्रांविना वाजलेला मध्यमच मला अधिक सच्चा वाटतो.