पक्षी दाखवणारी माणसे

पक्षिनिरीक्षणाच्या सहलींबरोबर एक जाणकार वाटाड्या असतो. सहलीला आलेल्यांकडे उत्तम दुर्बिणी असतात, हातात सचित्र पुस्तके असतात. तरीही झाडीतला पक्षी बहुधा या वाटाड्यालाच आधी सापडतो. याचे कारण केवळ तीक्ष्ण नजर हे नसते. कोणत्या वेळी, कोणत्या उंचीवर आणि कोणत्या झाडाकडे पाहायचे हे त्याला आधीच ठाऊक असते. हे ज्ञान येते कोठून? त्याची वैज्ञानिक किंमत किती? तीन उदाहरणे घेऊन पाहू या.

जंगल ऐकणारा माणूस

टेड पार्कर यांचा जन्म १९५३ सालचा, अमेरिकेतील पेनसिल्व्हानिया राज्यातला. १९७१ मध्ये, म्हणजे अवघ्या अठराव्या वर्षी, त्यांनी एका वर्षात उत्तर अमेरिकेतील ६२६ जातींचे पक्षी पाहून त्या वेळचा विक्रम मोडला. १९७४ मध्ये ते लुइझियाना विद्यापीठाच्या मोहिमेबरोबर पेरू देशात गेले आणि दक्षिण अमेरिकेची जंगले हेच त्यांचे कार्यक्षेत्र झाले. त्यांनी पीएच.डी. केली नव्हती. पक्षिसहलींचे नेतृत्व करणे हे त्यांच्या चरितार्थाचे एक साधन होते.

विषुववृत्तीय वर्षावनात झाडांचा माथा तीस-चाळीस मीटर उंच असतो आणि जमिनीपर्यंत एक-दोन टक्केच सूर्यप्रकाश पोचतो. अशा ठिकाणी दुर्बिणीचा उपयोग मर्यादित असतो. पक्षी दिसत नाहीत, पण ऐकू येतात. म्हणून पार्कर यांनी दिशावेधी मायक्रोफोन आणि टेपरेकॉर्डर ही आपली मुख्य साधने केली. अनोळखी आवाज आला की ते तो मुद्रित करीत आणि लगेच परत वाजवीत. आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला असे समजून पक्षी पुढे येई आणि आवाजाचा धनी कोण ते कळे. (हे तंत्र जपून वापरावे लागते. सारखा आवाज वाजवला तर पक्षी खोट्या प्रतिस्पर्ध्याशी भांडण्यात वेळ आणि शक्ती घालवतो, घरट्याकडे त्याचे दुर्लक्ष होते.)

अशा अभ्यासातून सुमारे ४,००० जातींचे पक्षी त्यांना आवाजावरून ओळखता येऊ लागले. जगात पक्ष्यांच्या जाती सुमारे दहा-अकरा हजार आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे मोल कळते. आपणही हे लहान प्रमाणावर करीतच असतो. पावशाचे 'पेर्ते व्हा', तांबटाचे एकसारखे 'टुक् टुक्', भारद्वाजाचा घुमणारा 'कूप कूप' हे आवाज आपण पक्षी न पाहता ओळखतो. आवाजाची पट्टी, लय आणि दोन स्वरांमधले अंतर यांचा एक नमुना मनात पक्का झालेला असतो. गाणे शिकलेला माणूस दोन-चार स्वरांवरून राग ओळखतो, तसेच हे आहे.

या कौशल्याचा विज्ञानाला मोठा उपयोग झाला. पूर्वी एखाद्या जंगलातील पक्ष्यांची यादी करायची तर अनेक माणसांनी आठवडेच्या आठवडे जाळी लावावी लागत. जाळी जमिनीलगत असल्याने उंच माथ्यावरचे पक्षी त्यांत सापडत नसत ते वेगळेच. तयार कानाचा एक माणूस टेपरेकॉर्डर घेऊन फिरला तर थोड्या दिवसांत बरीचशी यादी होते, हे पार्कर यांनी १९९१ मध्ये 'द ऑक' या संशोधन नियतकालिकात मांडले. १९९० मध्ये त्यांनी आणि वनस्पतिशास्त्रज्ञ ॲल्विन जेन्ट्री यांच्यासारख्या तज्ज्ञांनी बोलिव्हियातील मदिदी भागाची जलद पाहणी केली. १९९५ मध्ये तेथे राष्ट्रीय उद्यान झाले. ते पाहायला मात्र हे दोघेही नव्हते. ३ ऑगस्ट १९९३ रोजी इक्वाडोरमध्ये हवाई पाहणी करताना त्यांचे छोटे विमान कोसळले. पार्कर तेव्हा चाळीस वर्षांचे होते. त्यांनी केलेली १०,०००हून अधिक ध्वनिमुद्रणे कॉर्नेल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. जे टेपवर उतरले नव्हते ते त्यांच्याबरोबर गेले.

गांडुळे आणि शेतकरी

दुसरे उदाहरण इक्वाडोरमधलेच, पण अगदी वेगळे. आंहेल पास हे अँडीज पर्वताच्या उतारावरचे शेतकरी. त्यांच्या रानात कॉक-ऑफ-द-रॉक या लालभडक पक्ष्याचे नर नाचायला जमत. पर्यटकांना ते दाखवावे म्हणून त्यांनी पायवाट खणायला घेतली. तेव्हा उकरलेल्या मातीतली गांडुळे खायला एक मोठा, तपकिरी, लांब पायांचा पक्षी वाटेवर येतो असे त्यांना दिसले. तो होता जायंट अँटपिटा. निष्णात पक्षिनिरीक्षकांनाही हा पक्षी क्वचितच दिसे. पास यांनी रोज गांडुळे टाकून, हाका मारून, चिकाटीने एका पक्ष्याला माणसाची सवय लावली आणि त्याचे नाव 'मारिया' ठेवले. २००५ नंतर ही युक्ती जगभरच्या पक्षिनिरीक्षकांत प्रसिद्ध झाली.

आपल्याकडे नांगरामागून गायबगळे चालतात, त्यामागचे तत्त्व हेच आहे. माती हलली की खाद्य उघडे पडते. पास यांनी निरीक्षण केले, त्यावरून तर्क केला आणि तो रोज ताडून पाहिला. वैज्ञानिक पद्धती याहून वेगळी ती काय? शिवाय जंगल राखण्यातून कुटुंबाला उत्पन्न मिळू लागले.

भरतपूरचे रिक्षावाले

राजस्थानातील भरतपूरचे केवलादेव राष्ट्रीय उद्यान अवघे २९ चौरस किलोमीटरचे आहे. तेथे वर्षानुवर्षे पर्यटक सायकलरिक्षातून फिरत आले. वनखात्याने या रिक्षाचालकांना पक्ष्यांची माहिती देऊन परवाने दिले. शाळा अर्धवट सोडलेले कित्येक चालक पक्ष्यांची इंग्रजी नावे बिनचूक सांगू लागले. त्यांचे खरे बळ मात्र एकच रस्ता रोज तुडवण्यात होते. घुबडे, रातबगळे विश्रांतीसाठी बहुधा ठरलेल्या जागीच परततात. ती जागा पाहुण्या तज्ज्ञाला माहीत नसते, रोज तेथून जाणाऱ्याला असते.

या माणसांचे पोट पाण्यावर अवलंबून असते. पांचना धरणाचे पाणी अडल्याने २००४ नंतर उद्यान कोरडे पडू लागले आणि पक्षी रोडावले. सायबेरियन क्रौंच तर २००२ नंतर तेथे दिसलाच नाही. पक्षी नाहीत म्हणजे पर्यटक नाहीत आणि पर्यटक नाहीत म्हणजे भाडे नाही. परिसंस्था बिघडण्याचा अर्थ येथे त्याच दिवशीच्या मिळकतीत कळतो.

आपल्या गावात

डॉ. सालिम अली यांनीही १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात मार्गदर्शक व्याख्याता म्हणून काम केले होते. पुढे नोकरी नसताना अलिबागजवळच्या किहीम येथे राहून त्यांनी सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला. दाखवणारा आणि शोधणारा यांच्यातली भिंत फार उंच नाही.

शिक्षकांना यातून एक उपक्रम सहज करता येईल. आठवड्यातून एकदा सकाळी पंधरा मिनिटे विद्यार्थ्यांना मैदानात शांत बसवावे. ऐकू आलेला प्रत्येक आवाज, वेळ आणि दिशा वहीत लिहायला सांगावे. नाव माहीत नसेल तर आवाज अक्षरांत उतरवावा. मग ती वही घेऊन गावातल्या गुराख्याकडे, कोळ्याकडे किंवा शेतावर राबणाऱ्या आजीकडे जावे आणि विचारावे. त्यांनी सांगितलेले नाव व माहिती सांगणाऱ्याच्या नावासह नोंदवावी आणि पुढच्या आठवड्यात स्वतः पाहून पडताळावी. असे ज्ञान बहुधा कोठे लिहून ठेवलेले नसते. ते सांगणारा गावात आहे तोवरच ते मिळते.